आई-बाबांच्या तापाबद्दल

जिंजा, युगांडा

ती. दादास सा. न. वि. वि.

आई-बाबा इथून सुखरूप घरी पोहोचले, जीव भांड्यात पडला. पण पुढचे तीन महिने तुला आणि वहिनीला एक गोष्ट सांभाळायची आहे. दोघांपैकी कुणाला नुसती कणकण वाटली तरी त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घ्यायचं.

आजी पाळीवरून हिवताप ओळखायची. आधी हुडहुडी, मग अंग भाजणं, मग दरदरून घाम आणि मधला दिवस माणूस ठणठणीत. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचा ताप असा पाळी धरतो, कारण त्याचे जंतू साधारण 48 तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. इथे मात्र बहुतेकांना फाल्सिपेरम हा दुसरा, जास्त घातक प्रकार होतो आणि त्याचा ताप कसाही येतो. कधी रोज चढतो, कधी उतरतच नाही, कधी थंडीच वाजत नाही.

आमच्या साखर कारखान्यातला एक फिटर सकाळी डोकं धरून बसला होता. कंबर दुखतेय, मळमळतंय म्हणाला. कपाळ जेमतेम कोमट, सगळ्यांना वाटलं रात्रपाळीचा शीण. नर्सने बोट टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं, पंधरा-वीस मिनिटांत दोन रेघा उमटल्या, म्हणजे हिवतापच. लगेच गोळ्या सुरू केल्या, तीन दिवस, दुधाबरोबर. सडकून ताप भरला तो संध्याकाळी!

म्हणून बाबांचं "क्रोसिन घेऊन पडतो, उद्या बघू" अजिबात ऐकू नकोस. हा आजार एक-दोन दिवसांत मेंदूवर, मूत्रपिंडावर जाऊ शकतो. गुंगी, असंबद्ध बडबड, झटके, धाप, काळपट लघवी, पिवळे डोळे, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं हॉस्पिटल गाठ. डॉक्टरांना आधी "युगांडाहून आलेत" हे सांग, नाहीतर व्हायरल म्हणून सोडून देतील. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप तसाच राहिला, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा तपास.

हिवताप होऊ नये म्हणून दिलेली डॉक्सिसायक्लिनची रोजची गोळी इथून निघाल्यापासून चार आठवडे घ्यायचीच. आई "आता कशाला?" म्हणेल. वहिनीने समोर उभं राहून द्यावी, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं होऊ देऊ नये. गोळी चालू आहे म्हणून तपासणी मात्र टाळायची नाही.

वहिनीला नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझा,
बाळू