पत्र्याच्या शेडचं अ‍ॅनालिसिस करताय? आधी वारा लावा

संपादक महोदय, नमस्कार.

पावसाळा जवळ आला की आमच्या फोंड्यात गल्लोगल्ली वेल्डिंगचा उजेड दिसायला लागतो, गच्चीवर पत्र्याची शेड घातल्याशिवाय गोव्यातल्या पावसात स्लॅबचं काही खरं नाही हे आता सगळ्यांनाच पटलंय. मागच्या आठवड्यात शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या शेडचं त्याने, कॉम्प्युटरवर लहान तुकडे पाडून प्रत्येकातला स्ट्रेस म्हणजे आतला ताण मोजणारं, फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस केलं होतं. सगळी शेड निळीशार, जास्त स्ट्रेसचा लाल ठिपका कुठेच नाही, फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे ताकद गरजेच्या किती पट आहे तो आकडा, ६ च्या वर. म्हणाला, काका, पाइप अजून हलके घेतले तरी चालतील ना? मी विचारलं लोड कुठले लावलेस, तर शेडचं स्वतःचं वजन आणि वर चढणारी दोन माणसं, बस्स. वारा लावलाच नव्हता.

मुलगा हुशार आहे, मॉडेल सुंदर केलं होतं, त्याला नावं ठेवायला मी लिहीत नाहीये. पण मी वेर्ण्याला बावीस वर्षं हेच काम करतोय आणि माझ्या बघण्यात मोठ्या चुका बहुतेक वेळा मेश, म्हणजे ते तुकडे, करायच्या आधीच झालेल्या असतात, लोड कुठून येतो आणि वस्तू कुठे धरलीय हे ठरवताना. म्हणून म्हटलं चार गोष्टी लिहाव्यात, कारण हल्ली लहान फॅब्रिकेटरकडे पण ही सॉफ्टवेअरं आलीत.

आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या लोडसाठीच्या भारतीय कोडमध्ये पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय. दाब काढायचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे साधारण ९१३ न्यूटन दर चौरस मीटरला, किलोत म्हणाल तर ९० च्या वर. आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भरतो चौरस मीटरला जेमतेम ४ ते ५ किलो! चारी बाजूंनी उघड्या शेडवर वारा नुसता दाबत नाही, उचलतो पण. त्याची शेड ६ बाय ८ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर, तर अंदाजाला उचल आली साडेचार टनांच्या आसपास. उंची, आजूबाजूची घरं, छताचा उतार यांचे गुणांक लावून आकडा कमी-जास्त होतो, ते कोडमधून नीट काढायलाच हवेत, पण नुसता अंदाज घेतला तरी डोळे उघडतात. खांब ६, सगळी शेड पाइपांसकट ७०० किलोची, म्हणजे वजन वजा करूनसुद्धा एकेका खांबाला सव्वासहाशे किलोची वरची ओढ. आणि हे खांब बसवणार होते कशात, तर पॅरापेटच्या चिऱ्यात, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या जांभ्या दगडात, चार चार बोल्ट मारून.

सॉफ्टवेअरमध्ये त्याने खांबाच्या तळाला फिक्स सपोर्ट दिला होता. फिक्स म्हणजे काय, तर ती जागा कितीही ओढा हलणारच नाही, उपटणार नाही, बोल्ट ताणणार नाही, बेस प्लेट वाकणार नाही. चिरा असा असतो का हो? म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की रंग बघायच्या आधी सपोर्टवर येणाऱ्या बलांचे, म्हणजे रिअ‍ॅक्शनचे आकडे काढा. त्यांची बेरीज तुम्ही लावलेल्या लोडएवढी आली का बघा, नसेल आली तर पुढे जाऊच नका, आणि आली असेल तर प्रत्येक आकडा घेऊन विचारा की हा बोल्ट, हा चिरा, हा बीम एवढं धरेल का. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळात पत्रे उडाले तेव्हा मी मुद्दाम दोनचार ठिकाणी जाऊन बघितलं होतं, पाइप शाबूत होता, सुटलं होतं ते जोडाचं ठिकाण.

उचल लावली की अजून एक गोष्ट उलटते. ट्रसचा, म्हणजे छताच्या त्रिकोणी सांगाड्याचा, खालचा मेंबर एरवी ताणात असतो म्हणून आपण तो बारीक ठेवतो, वारा उचलायला लागला की तोच दाबात येतो आणि बारीक लांब पाइप दाबला की वाकून बाजूला पळतो. साधं लिनिअर स्टॅटिक अ‍ॅनालिसिस हे दाखवतच नाही, स्ट्रेस कमी दिसतो आणि आपण खूश. हे वाकून पळणं, म्हणजे बकलिंग, वेगळं बघावं लागतं, आणि सॉफ्टवेअरचा बकलिंगचा आकडा पण अगदी सरळ, निर्दोष पाइप धरून येतो, म्हणून तो जसाच्या तसा घेऊ नका, हातात भरपूर मार्जिन ठेवा.

माझं स्वतःचं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यासाठी भिंतीच्या कॉलमला लावायची छोटी क्रेन डिझाइन केली होती. माझ्या मॉडेलमध्ये टोक ४ मिमी खाली येत होतं, प्रत्यक्ष लोड टेस्टला ११ मिमी आलं. आर्म बरोबर होता, मी तळ फिक्स धरला होता आणि खरी बेस प्लेट वाकत होती. टेस्ट केली म्हणून कळलं, नाहीतर तसंच चालू झालं असतं. त्या दिवसापासून बेस प्लेट आणि बोल्ट मॉडेलमध्ये घेतल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

युनिटचं पण सांगायलाच हवं. मिमी आणि न्यूटनमध्ये काम करताना स्टीलची घनता टन प्रति घन मिमीमध्ये द्यायची असते, ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात, आणि गुरुत्व ९८१०. काही मुलं घनता किलोत देतात आणि गुरुत्व ९.८१, वजन बरोबर येतं म्हणून चूक कळतच नाही, पण त्याच मॉडेलवर व्हायब्रेशन काढलं की फ्रिक्वेन्सी जवळजवळ ३२ पट कमी येते. नवीन सॉफ्टवेअर हातात आलं की पहिल्यांदा एक साधा कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेला बार, करा, ५० बाय ५० मिमीचा स्टीलचा भरीव बार, १ मीटर लांब, टोकाला १००० न्यूटन, टोक ३.०५ मिमी खाली यायला पाहिजे आणि मुळाशी स्ट्रेस ४८ एमपीए. तोच बार मोठ्या मोठ्या ४ नोडच्या टेट्रा एलिमेंटने (फक्त चार कोपऱ्यांवर बिंदू असलेले चौफलकी तुकडे) करून बघा, बार उगाच कडक होतो, डिफ्लेक्शन कमी येतं. कडांच्या मधेही बिंदू असलेले १० नोडचे घ्या, फरक तिथल्या तिथे दिसेल. बॉक्स पाइपला तर टेट्रा नकोच, बीम (रेषेसारखे) नाहीतर शेल (पातळ पत्र्यासारखे) एलिमेंट घ्या.

आणि आतल्या टोकदार कोपऱ्यात मेश बारीक करत गेलात की स्ट्रेस वाढतच जातो, थांबतच नाही, तो आकडा खरा नसतो. वेल्डिंगच्या जोडाला तिथून जाणारं बल काढा आणि वेल्डच्या बाजूच्या मापाच्या ०.७ पट जाडीवर हाताने तपासा.

मेश मोठी ठेवली तर काय होतं याचं उदाहरण नॉर्वेचं आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये स्लाइप्नर ए या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया स्टॅव्हँगरजवळ चाचणी चालू असताना बुडाला, भिंतीतला शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, कॉम्प्युटरने ४७ टक्के कमी दाखवला होता. नुकसान ७० कोटी डॉलरच्या आसपास. नंतर नीट मेश करून गणित केलं तर भिंत ६२ मीटर खोलीला तुटेल असं आलं, प्रत्यक्षात तुटली होती ६५ मीटरला. म्हणजे पद्धत चांगलीच आहे, वापरणाऱ्याने वेळ दिला पाहिजे.

चोरीची सॉफ्टवेअरं कशाला हवीत तेही मला कळत नाही. फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्स फुकट आहेत, शेडपुरतं, कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं भरपूर झालं. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की रिपोर्टच्या पहिल्या पानावर रंगीत चित्राऐवजी हाताने केलेलं गणित मागा, आणि किनाऱ्याजवळच्या गावातलं काम असेल तर पाइपची जाडी अर्धा मिमी कमी धरून परत एकदा रन करायला लावा. खाऱ्या हवेत बॉक्स पाइप आतून गंजतो, २ मिमीतला अर्धा मिमी गेला की पाव ताकद गेली.

शेजारच्या मुलाने परवा नवीन मॉडेल आणून दाखवलं. पाइप तेवढेच ठेवलेत, पॅरापेट सोडून खांब खाली आरसीसी बीमवर घेतलेत, आणि आता त्याचे वडील फॅब्रिकेटरशी बोल्टच्या लांबीवरून भांडतायत.

आपला एक वाचक,
फोंडा, गोवा