प्रशिक्षणाचे अनुदान नोकरी टिकल्यावर द्या

संपादक महोदय,

कौशल्य प्रशिक्षणावर सरकार खर्च करत नाही, असे कुणालाच म्हणता येणार नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 पासून चालू आहे, राज्यात 2023 साली एकाच दिवशी 511 ग्रामीण कौशल्य केंद्रांचे उद्घाटन झाले आणि आयटीआय सुधारण्यासाठी 2025 मध्ये केंद्राने 60 हजार कोटींची ‘पीएम-सेतू’ योजना आणली. तरीही नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांच्या गेटवरून ‘व्हीएमसी सेटर पाहिजे’चे फलक काही उतरत नाहीत. व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारे धातू कापण्याचे मशिन आणि सेटर म्हणजे ते कामासाठी लावून देणारा कारागीर.

माझे अंबडला छोटे मशिन शॉप आहे. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाच्या हातात मी मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे साधन) देतो आणि रीडिंग विचारतो. बहुतेक जण तिथेच अडतात. ड्रॉइंग वाचणे आणि ऑफसेट देणे, म्हणजे मशिनमध्ये हत्याराच्या मापाची दुरुस्ती भरणे, तर पुढची गोष्ट. यात मुलांचा दोष नाही, कारण काहींनी चालू मशिन जवळून पाहिलेलेच नसते.

कारण पैशाच्या हिशेबात आहे. केंद्राच्या 2015 च्या समान निकषांत उत्पादन क्षेत्रातल्या अभ्यासक्रमाला प्रशिक्षण संस्थेला प्रत्येक मुलामागे तासाला 38 रुपये 50 पैसे अनुदान होते, तर दुकानातल्या विक्रीसारख्या अभ्यासक्रमाला 27 रुपये 50 पैसे. दर पुढे वाढले, पण अकरा रुपयांच्या फरकासाठी पंचवीस-तीस लाखांचे व्हीएमसी कोण घेईल? संस्थाचालक खुर्च्या आणि प्रोजेक्टर घेऊन मोकळा होतो. त्यात प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात नोकरी लागल्याची नोंद ठेवणेही थांबले. पहिल्या तीन टप्प्यांत निदान ती होती.

अनुदानाचा मोठा हप्ता मुलगा वर्षभर कामावर टिकल्यावरच द्यावा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, पीएफची नोंद पुरे. वीसपेक्षा कमी कामगारांच्या युनिटला सहसा पीएफ लागू नसतो, तिथे बँकेत जमा झालेला पगार पाहावा.

आम्हा मालकांनाही दोन शब्द. शिकाऊ उमेदवाराच्या स्टायपेंडचा 25 टक्के, कमाल 1500 रुपये महिना, वाटा केंद्र उचलते. शिकाऊ घेण्याची सक्ती 30 कामगारांपासून असली, तरी चार कामगारांच्या युनिटलाही मुभा आहे. ‘शिकवला की पोरगा पाचशे रुपयांसाठी शेजारच्या गाळ्यात जातो’ ही तक्रार खरी आहे, मीही करतो. पण शेजाऱ्याने शिकवलेला पोरगा आपल्याकडेही येतोच की! निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी स्टायपेंडच्या या योजनेची माहिती गाळ्यागाळ्यात पोहोचवावी.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील कौशल्य विकास समितीने दरवर्षी केंद्रनिहाय यादी जाहीर करावी: कुणाला किती अनुदान मिळाले, किती मुले शिकली आणि वर्षानंतर त्यातली किती कामावर आहेत. पुढचे अनुदान या यादीवरूनच ठरावे.

– एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक