दोन खालचे बर्थ

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं" म्हणून गप्प बसली असती आणि बाबांनी लगेच दिल्लीतल्या थंडीची चौकशी सुरू केली असती. म्हणून लिहूनच कळवते. पुण्यातली नोकरीची जागा मी घेतली नाही. म्हणजे जूनमध्ये आम्ही परत येत नाही, अजून चार वर्षं तरी दिल्लीतच. सही झाली आहे.

रागावू नका. पुण्याला आले असते तर तुमच्या जावयांना नोकरी सोडावी लागली असती, आणि तुमच्या नातीची शाळा आत्ता कुठे रुळली आहे. शिवाय पुण्यात राहूनही रविवारशिवाय वाईला येणं झालंच नसतं. इथून विमानानं पुणं दोन तास, पुढे वाई दोन-अडीच तास. सकाळी निघाले तर दुपारच्या चहाला मी आपल्या ओट्यावर. बाबांचा तो रिपोर्ट आल्यापासून हा हिशेब मी रोज करते. रात्री कधीही फोन करा, संकोच करू नका.

आता दुसरी गोष्ट, तीही तुम्हाला न विचारता केली आहे. 14 फेब्रुवारीची पुण्याहून दुरांतोची तिकिटं काढली आहेत, परत 27 ला. दोन्ही खालचे बर्थ. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 च्या मार्चपासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष साठीपुढचे, बायका पंचेचाळिशीपुढच्या, आणि एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त नकोत. म्हणून मामाचं तिकीट वेगळं काढलं. तो त्याच डब्यात आहे, जेवायला तुमच्यापाशी येईल. आदल्या रात्री त्याच्याकडेच मुक्काम करा. सकाळी वाईहून निघून गाडी पकडायची धावपळ अजिबात करायची नाही.

फेब्रुवारीच का, तर दिवाळीनंतर इथली हवा फार वाईट असते, बाबांच्या छातीला झेपणार नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या तासन् तास उशिरा येतात. आणि एप्रिलपासून उन्हाचे चटके. मधले हे पाच-सहा आठवडेच खरे चांगले.

गाडीत जेवण तिकिटातच घेतलं आहे, उशी-पांघरूणही मिळतं. तरी आई दशम्या करणार, मला माहीत आहे. कर, पण चटणी कोरडी घे. आधार कार्ड मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. बाबांच्या गोळ्या वीस दिवसांच्या, पाकिटासकट, चिठ्ठीबरोबर, आणि खांद्याच्या पिशवीत. बर्थखालच्या बॅगेत नाही. गाडीचं शेवटचं स्टेशन हजरत निजामुद्दीन. नवी दिल्ली स्टेशनात ती जात नाही, त्यामुळे कोणी "दिल्ली आ गई" म्हणालं तरी उठू नका. मी डब्यात येईन, तोवर बसून राहा.

घर तळमजल्यावर आहे. संडासात कमोड आहे, शेजारी धरायला दांडा बसवून घेतला. खोलीला दक्षिणेची खिडकी आहे, सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत पलंगावर ऊन येतं. रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं, म्हणून दोन जाड रजया काढून उन्हात टाकल्या आहेत. आई, इथलं नळाचं पाणी जड आहे, त्यात तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही बोटचेपी होत नाही. डाळीला फिल्टरचं पाणी वापर, भाजीला नळाचं चालेल. दही थंडीत लागत नाही. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त गरम असताना विरजण लाव आणि पातेलं कणकेच्या डब्यात ठेव. दूध मदर डेअरीच्या मशीनवर सुटं मिळतं, बरणी घेऊन जायचं. येताना गोडा मसाला, आमसुलं, वाईची हळद आणि ज्वारीचं पीठ दोन किलो आण. ज्वारी आणू नकोस, इथल्या चक्कीवर गव्हावर गहूच दळला जातो. पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळून घे, जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी कडेनं फाटते. आल्यावर फ्रीजमध्ये ठेवू.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. नातीच्या वर्गात आजी-आजोबांनी येऊन आपापल्या गावाची ओळख करून द्यायची आहे. मुलांना अर्धा तास. हिंदीची काळजी करू नका, ती शेजारी उभी राहून सांगेल. गणपती घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीचं तेवढं नक्की सांगा. सरदार रास्त्यांनी ती माशासारखी निमुळती का बांधली, पुराचं पाणी टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी कसं निघून जातं, हे फळ्यावर काढून दाखवा. लहानपणी तुम्ही मला वाळूत काढून दाखवलं होतं तसंच. मग विश्वकोश: सगळ्या मराठी जगाचा ज्ञानकोश मुंबई-पुण्यात नाही, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे आपल्या वाईत तयार झाला, 1976 मध्ये पहिला खंड निघाला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि पार बंगालच्या उपसागराला मिळते, हे नकाशावर बोटानं दाखवा. इथल्या मुलांना नदी म्हणजे यमुना, तीही पुलावरून पाहिलेली. मेणवलीच्या घाटावरची, वसईहून जिंकून आणलेली पोर्तुगीजांची घंटा सांगा. घाटाचे फोटो मोठे छापून आणा, मोबाइलवर पस्तीस मुलांना दिसत नाही.

आता दिल्ली. एक दिवस फिरणं, एक दिवस घरी, असं ठरवलं आहे आणि त्यात बदल नाही. सोमवार घरीच, कारण लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान तिन्ही बंद असतात. उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांना खुलं असतं. प्रवेश फुकट, पण नाव नोंदवावं लागतं, ते मी करते. ट्यूलिप पाहायला आईला आवडेल.

मेट्रोनं जाऊ. सगळीकडे लिफ्ट आहे, सरकत्या जिन्यावर चढायची गरज नाही. लिफ्ट कधीकधी फलाटाच्या अगदी टोकाला असते, तेवढं चालावं लागतं. पहिला डबा बायकांचा, पण तिथे बाबांना येता येत नाही, म्हणून आपण मधल्या डब्यात बसू, ज्येष्ठांच्या जागा असतात. आई, अडकित्ता घरी ठेव. पिशवी मशीनमधून जाते, तिथे तो अडवतात. सुपारी कातरून डबीत आण.

लाल किल्ल्यात उतरणं-चढणं फार नाही, पण लाहोरी दरवाज्यापासून दिवाण-ए-खासपर्यंत चाल बरीच आहे. मधल्या छत्ता चौकात बसून घेऊ. बाबा, दिवाण-ए-खासचं छत वर मान करून बघा. त्याचा चांदीचा पत्रा सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये फौजेच्या खर्चासाठी काढला, आता रंगवलेलं लाकूड आहे. तिथून चांदणी चौकात सायकल रिक्षा, कारण दिवसा मोटारींना बंदी आहे. पराठे तळलेले असतात, बाबांना एक घास, जास्त नाही. थंडी ओसरली नसेल तर द्रोणात दौलत की चाट मिळेल. नाव चाट असलं तरी गोड. दूध घुसळून त्यावरचा फेस उचलतात, वर केशर आणि मावा. चमचा लावला की फेस बसतो आणि जिभेवर काहीच उरत नाही, फक्त केशराचा वास. ऊन चढलं की विरघळतो, म्हणून सकाळीच खायचा.

कुतुबमिनारला गुडघ्यांची काळजी नको. वर जायला 379 पायऱ्या आहेत, पण 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर जिना बंदच आहे. बाबांना खरं बघायचं ते अंगणातला लोखंडी खांब. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, गुप्तांच्या काळचा, सोळाशे वर्षांचा. न गंजण्याचं कारण तुम्ही वर्गात शिकवलेलंच आहे, लोखंडातलं फॉस्फरसचं जास्त प्रमाण आणि त्यामुळे धरलेला पातळ थर. पण खाली कमरेच्या उंचीला खांबाचा एक पट्टा वेगळाच चकचकतो. पाठ टेकून दोन्ही हातांनी त्याला मागून कवेत घेणाऱ्यांच्या पाठी आणि तळव्यांनी तो घासला गेला आहे. आता भोवती कठडा आहे, बाहेरूनच बघायचं. तिथलं दगडी फरसबंद उंचसखल आहे, वहाणा नकोत, बूट घाला.

संग्रहालयात एकच दालन बघू, हडप्पाचं. मोहेंजोदडोची नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची आहे, वीतभरही नाही. आई, तिचा डावा हात बघ, मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या भरलेल्या.

राष्ट्रीय युद्ध स्मारकाला संध्याकाळी जाऊ, आणि त्या दिवशी दुसरं काहीच ठेवलेलं नाही. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातली आणि अफगाण लढाईतली. स्वातंत्र्यानंतरची नावं शेजारच्या त्यागचक्रात, ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत. काकांचं नाव मी शोधून ठेवलं आहे. उंची हाताच्या टप्प्यातली आहे. आजीला दाखवता आलं नाही, ते राहिलंच. बाबा, तुम्हाला नको वाटलं तर बाहेरच्या बाकावर बसू, कोणी काही म्हणणार नाही.

दिल्लीबाहेर दोनच फेऱ्या. एक पानिपत, सुमारे 90 किलोमीटर, गाडीनं दोन तास. शहराबाहेर लढाईचं ठिकाण, काळा आंब आहे. झाड कधीच गेलं, स्तंभ आहे, बाग आहे. आपल्या मेणवलीच्या वाड्याचे नाना फडणवीस 14 जानेवारी 1761 ला तिथे होते, तेव्हा एकोणीसही पूर्ण नव्हते. फौजेबरोबर आईला आणि बायकोला घेऊन उत्तरेच्या तीर्थांसाठी आले होते. ते स्वतः वाचून परतले, आईला मात्र मुकले. आई, हे वाचून मनात भलतंसलतं आणू नकोस. बाबांना ती जागा बघायची आहे हे तुलाही माहीत आहे, आणि तू गाडीतच बसलीस तरी चालेल.

दुसरी फेरी तुझ्यासाठी, मथुरा-वृंदावन. सकाळी सहाला निघायचं, कारण देवळं दुपारी बंद होतात. बांकेबिहारीला गर्दी फार, पडदा सारखा ओढतात, त्यामुळे देव दिसला की हात जोड आणि बाजूला हो, थांबू नकोस. शनिवार-रविवारी मुळीच जायचं नाही. वृंदावनात माकडं डोळ्यांवरचे चष्मे पळवतात आणि फ्रूटीचा डबा दिला तरच टाकतात. म्हणून बाबा, गल्लीत शिरताना चष्मा खिशात आणि माझा हात धरायचा. दुसरा जुना चष्माही बरोबर आणा.

सकाळी ऊन पडायच्या आत फिरायला जायचं नाही. थंडीत रक्तदाब चढतो, डॉक्टरांनी सांगितलं आहे. नऊनंतर लोदी गार्डनला मी सोडेन. पायवाट सपाट आहे, जागोजागी बाक आहेत, सुलतानांच्या घुमटांभोवती पोपट असतात.

निघताना गॅसचा रेग्युलेटर काढा, मेन स्विच बंद करा, पण आधी फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरते. पेपर बंद करायला सांगा. किल्ली शेजारच्या काकूंकडे, तुळशीला पाणी त्या घालतील, मी बोलले आहे. आई, बँकेतली ती पावती कपाटातच असू दे, सोबत आणू नकोस.

आणि "आमचं कसलं येणं, इतका खर्च" हे वाक्य फोनवर नको. तिकिटं झाली आहेत, रजयांना ऊन दाखवून झालं आहे. तुमच्या नातीनं फळ्यावर मासा काढून ठेवला आहे, शेपूट उलटी काढली आहे, ती तुम्हीच नीट करा.

तुमची,
बाळी

ता. क. बाबा, कानटोपी आणा. ती तपकिरी, आईनं विणलेली. इथल्या नवीन आणल्या आहेत, पण त्या कानावरून सरकतात.