अँड्र्यू इंग सरांना, हेलिकॉप्टरच्या त्या तीन प्रश्नांसाठी

आदरणीय अँड्र्यू सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानणारे बहुतेक जण २०११ च्या मशीन लर्निंगच्या (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या) ऑनलाइन वर्गाबद्दल मानतात. लाखभर लोकांनी नाव नोंदवलं होतं, त्यामुळे ते साहजिकच आहे. आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजांत मशीन लर्निंग शिकवतो आणि आमच्यावरचं ऋण मुख्यतः स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'सीएस २२९' या तुमच्या मशीन लर्निंगच्या कोर्समधल्या एका लेक्चरचं आहे. त्यात नवा अल्गोरिदम (शिकण्याची पद्धत) एकही नाही. मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकलेला प्रोग्राम, चालत नसेल तर आधी कुठे बघायचं, एवढंच आहे.

त्यातलं उदाहरण असं: हेलिकॉप्टर आपलं आपण उडायला शिकतंय, पण माणसापेक्षा वाईट उडतंय. दोष सिम्युलेटरचा (संगणकातल्या नकली उड्डाणाचा), कॉस्ट फंक्शनचा (उड्डाण किती वाईट ते आकड्यात मोजणाऱ्या सूत्राचा) की शिकणाऱ्या अल्गोरिदमचा? यातली चुकीची गोष्ट सुधारत बसलं तर महिने वाया जातात. तुम्ही सांगितलेली तपासणी अशी: सिम्युलेटरमध्ये छान आणि प्रत्यक्षात वाईट उडत असेल, तर सिम्युलेटर दुरुस्त करा. तिथेही वाईट असेल, तर माणसाच्या उड्डाणाची कॉस्ट काढा. ती अल्गोरिदमच्या कॉस्टपेक्षा कमी आली, तर अल्गोरिदम कमी पडतोय. कमी आली नाही, तर अल्गोरिदमने त्याचं काम चोख केलंय; आपण त्याला चुकीचं काम सांगितलं होतं. हा शेवटचा फाटा पीएचडीच्या विद्यार्थ्यांनाही पटकन सुचत नाही.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये "सर, अजून डेटा पाहिजे" हे ठरलेलं उत्तर असतं. त्यावर आम्ही तुमचे लर्निंग कर्व्ह, म्हणजे डेटा वाढेल तशी चूक कशी बदलते याचे आलेख, काढायला लावतो. ट्रेनिंग (ज्यावर मॉडेल शिकलं तो डेटा) आणि व्हॅलिडेशन (तपासणीसाठी बाजूला ठेवलेला डेटा), दोन्हीकडची चूक मोठी आणि जवळजवळ सारखी असेल, तर डेटा दुप्पट करूनही हाती काही लागत नाही. मॉडेलच तोकडं आहे. दोन्हींत मोठी दरी असेल, तर मात्र डेटाची मागणी रास्त. आणि स्पॅम ओळखणाऱ्या मॉडेलचे व्हॅलिडेशनमधले चुकलेले शंभर ईमेल एकेक करून डोळ्यांनी वाचायचे, हा तुमचा सल्ला. कंटाळवाणा आहे, म्हणूनच मुलं टाळतात.

तुमच्या ऑक्टेव्ह या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्वाध्यायांचेही आभार. एकात पोर्टलंडमधल्या ४७ घरांवरून किमतीचा अंदाज बांधायचा: ट्रेनिंगसाठी क्षेत्रफळाचं स्केलिंग केलं (सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागलं) आणि नव्या घराला तीच सरासरी आणि तेच प्रमाण विचलन लावायला विसरलं, की किंमत कोटींच्या कोटी उड्डाणं घेते. हाताने लिहिलेले आकडे ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कमध्ये (थराथरांनी जोडलेल्या मॉडेलमध्ये) ४०० पिक्सेल, मधल्या थरात २५ युनिट, शेवटी १०. बायस (प्रत्येक युनिटमध्ये मिळवायचा एक जादा आकडा) धरून १०,२८५ पॅरामीटर, म्हणजे शिकताना बदलत जाणारे आकडे. प्रत्येक पॅरामीटर बदलला तर कॉस्ट किती बदलते (म्हणजेच ग्रेडियंट) हे शेवटच्या थरापासून मागे येत काढायची रीत म्हणजे बॅकप्रॉपगेशन. ते तपासायला प्रत्येक पॅरामीटर ०.०००१ने पुढे-मागे हलवायचा, म्हणजे एका ग्रेडियंटसाठी कॉस्ट २०,५७० वेळा मोजायची. म्हणून तपासणी छोट्या नेटवर्कवर करायची आणि ट्रेनिंगआधी बंद करायची. "प्रोग्राम हँग झालाय" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती चालूच ठेवलेली असते.

आता लायब्ररी ग्रेडियंट स्वतःच काढते आणि २०२२ पासून तुमचा कोर्सही पायथनमध्ये आला. सोय झाली, तक्रार नाही. तरी आमच्या प्रॅक्टिकलमध्ये एक बॅकप्रॉपगेशन हातानेच लिहावं लागतं. व्हायव्हाला हेलिकॉप्टरही येतं.

आपले कृतज्ञ,
मशीन लर्निंग शिकवणारे काही प्राध्यापक