मिरजेच्या डॉक्टर मॅडमना, त्या अठरा पायऱ्यांबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

नाव कुठं लिहू नका असं तुम्ही म्हणाला होता म्हणून लिहीत नाही, पण वाचल्यावर तुम्हाला कळेलच कोण ते. मी सांगलीची, गावभागातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं आणि रिटायर झाले. जानेवारीत दोन्ही गुडघे घेऊन तुमच्याकडे आले होते. आभार मानायचे म्हणून नंतर दोनदा ओपीडीत येऊन बसले पण तुमच्यापुढं आलं की घसाच दाटून येतो आणि मी आपली 'बरं आहे मॅडम' एवढंच बोलून उठते, म्हणून आता नातवाच्या फोनवर टाईप करतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गुडघ्याचं दुखणं नऊ वर्षांचं. आधी खाली बसून उठताना कळ यायची, मग जिना, मग एसटीची पहिली पायरी, मग रात्री कूस बदलताना सुद्धा. उतरताना चढण्यापेक्षा जास्त दुखतं हे ज्याला दुखतं त्यालाच माहीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं, सगळे भराभर सामान घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि मी खाली जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभी. शेवटी शेजारच्या दोन पोरांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट वर नेलं. दोघंही माझेच विद्यार्थी, अगदी जपून नेलं, 'बाई घाबरू नका' म्हणत होते. पण त्या रात्री मला झोप नाही. खाली पाणी वाढत होतं आणि माझ्या मनात एकच, की ज्यांना मी हात धरून ग म भ न गिरवायला शिकवलं ती पोरं आता मला उचलून नेतायत. तेव्हापासून जिना दिसला की पोटात गोळा यायचा.

तुमच्याकडे यायच्या आधी किती दारं झिजवली ते सांगत नाही, पण दोन सांगते, कारण मनातून जात नाहीत. एका मोठ्या हॉस्पिटलात मुलगा घेऊन गेला होता, नंबर यायला चार तास लागले आणि आत मी चार मिनिटं सुद्धा नव्हते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, 'दोन्ही बदलून टाका' म्हणाले, आणि पॅकेजचा कागद बाहेरच्या मुलीकडून घ्या. माझ्या गुडघ्याला हात लावला नाही हो त्यांनी. मला शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालीय, ऑपरेशनची भीती वाटते, हे सांगायला तोंड उघडलं तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली होती. दुसरीकडे म्हणाले, 'आजी, वय झालं, आता हे असंच चालायचं', आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या मी दोन वर्षं खाल्ल्या. रोज. शुगर-बीपी असलेल्या माणसानं त्या पेनकिलर अशा महिनोन्महिने खाल्ल्या तर किडनीवर येतं, हे मला कुणी सांगितलं नाही, क्रिएटिनिन वाढलेला रिपोर्ट हातात आला तेव्हा कळलं. ऑपरेशन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, माझी नणंद दोन्ही गुडघे बदलून मस्त फिरते. पण समोरच्या बाईला एक वाक्य पुरं बोलू द्यावं की नाही?

मंडईत जुनी मैत्रीण भेटली तिनं तुमचं नाव सांगितलं. म्हणाली मिरजेत आहेत, ऑपरेशन न करता दुखणं कमी करतात. मिरज म्हटल्यावर मला लगेच भरवसा वाटला, १८९४ साली वानलेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून ते दवाखान्यांचंच गाव, माझे आजोबा तिकडे कर्नाटकातून बैलगाडीनं उपचाराला आलेले, ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. तरी मनात म्हटलंच, बघू, अजून एक दार.

तुम्ही आधी फाईल बंद करून बाजूला ठेवली. म्हणालात, एका बोटानं दाखवा कुठं दुखतं. मग तुमचा हात ठेवलात गुडघ्यावर, आधी हात एकमेकांवर चोळून गरम करून, आणि हळूहळू वाकवून बघितलात. आणि मग विचारलंत, 'बाई, गुडघा बरा झाला तर काय करायचंय तुम्हाला?' नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला पटकन सुचेना. मग म्हटलं, गच्चीवर जाऊन कुरडया घालायच्यात. मला वाटलं हसाल. तुम्ही ते माझ्या पेपरवर लिहून घेतलंत, मी बघितलं, 'गच्ची, कुरडई' असं.

नंतर समजावून सांगितलंत ते तर मी वर्गात शिकवावं असं होतं. गुडघ्यातली गादी झिजलीय, ती परत येणार नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकलंत. गुडघ्याचं दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या बारीक नसा असतात, त्यातल्या तीन ठरलेल्या नसांपाशी सुई न्यायची आणि सुईच्या टोकाला साधारण ८० डिग्री उष्णता दीड मिनिट द्यायची, म्हणजे ती नस निरोप नेणं थांबवते, त्या नसा चालायच्या नव्हेत त्यामुळे पाय लुळा पडत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात त्याला. माझ्या मुलानं विचारलं की हे नवीन प्रयोग वगैरे नाही ना, तर न चिडता सांगितलंत की २०११ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी याचा अभ्यास छापला आणि तेव्हापासून जगभर करतात. आणि मग ते वाक्य, 'दारावरच्या बेलची वायर काढली म्हणून दारातला माणूस निघून जात नाही बाई, झीज तिथंच राहणार.' नस परत वाढते, कुणाला सहा महिने आराम पडतो, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त, आणि काहीजणांना पडतच नाही, हे सुद्धा तुम्हीच सांगितलंत. पुढं कधी गुडघा बदलायची वेळ आली तर याच्यामुळं काही अडत नाही, हे पण. पैसे घेणारा माणूस आपल्या मालातली खोट स्वतःहून दाखवतो हे मी फार कमी बघितलंय.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

आधी टेस्ट म्हणून नसांपाशी नुसतं भूल द्यायचं इंजेक्शन दिलंत, त्यानं तात्पुरता आराम पडला तरच पुढचं करायचं, नाहीतर उगाच कशाला खर्च. अर्ध्या तासानं तुम्ही आलात आणि म्हणालात, 'चला, जिना उतरू.' मला वाटलं सिस्टर येतील बरोबर. लिफ्ट तिथंच शेजारी होती, तिच्या दारात माणसं उभी. तुम्ही तुमच्या चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या, आणि अनवाणी माझ्या पुढं जाऊन उभ्या राहिलात. तोंड माझ्याकडं, पाठ खाली. आणि उलट्या पायांनी उतरायला लागलात.

मॅडम, मी ३४ वर्षं लहान पोरांना पायऱ्या उतरवल्यात, पण अशी पुढं कधी उतरले नाही. तुमचे दोन्ही हात पुढं, तळवे वर, माझ्या हातापासून चार बोटं लांब. धरलं नाहीत. म्हणालात, 'मी आहे, पण उतरायचं तुम्ही.' आणि मोजायला लागलात, एक, दोन, तीन, प्रत्येक पायरीला थांबून 'किती दुखतंय, दहापैकी?' आधी मी आठ सांगायची, तिथं दोन येत होते, मला खरंच वाटेना म्हणून मी मुद्दाम उजव्या पायावर जोर देऊन बघत होते. तुमच्या एप्रनच्या खिशातला फोन दोनदा वाजला, तुम्ही बघितला पण नाही. अकराव्या पायरीवर मी थांबले. तुम्ही घाबरलात, दुखलं का म्हणून विचारलंत. मी म्हटलं, नाही ओ मॅडम, दुखत नाही म्हणूनच थांबले. आणि रडायला लागले, तिथंच, लोकांसमोर. तुम्ही काही बोलला नाहीत. हात तसेच पुढं ठेवून उभ्या राहिलात, माझं रडून होईपर्यंत. मग 'बारा' म्हणालात.

अठरा पायऱ्या होत्या. खाली आल्यावर तुम्ही म्हणालात 'आता वर', आणि वर येताना माझ्या मागं होतात. पुरातली ती खुर्ची माझ्या डोक्यातून त्या दिवशी निघून गेली.

पुढचं सगळं तसं सोप्पंच झालं. माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तर तुम्ही स्वतः माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलंत, मुलाला इकडून तिकडं चिठ्ठ्या घेऊन पळवलं नाहीत. प्रत्यक्ष दिवशी टेबलावर थोडी कळ लागली, संध्याकाळी घरी. पहिला आठवडा गुडघा ठणकला, जरा धास्तावले, पण ते होणार हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठले, चहा टाकला, आणि गाळताना लक्षात आलं की आपण ओट्याला न टेकता उभ्या आहोत. मग महिन्याभरानं डावा गुडघा केला. व्यायाम रोज करते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहापर्यंत मोजायचं, दोन्ही वेळा. मांडीत ताकद नसेल तर नस झोपवून उपयोग नाही, हे तुमचं वाक्य पाठ आहे. दुखणं अगदी गेलं असं नाही, फार चालणं झालं की दहापैकी तीन होतं, पण ते माझ्या हिशेबात नाहीच.

खरं सांगू का, मला आता माणसं निराळीच दिसायला लागलीत. परवा तासगावच्या एसटीत चढताना ड्रायव्हरनं गाडी पुढं घेऊन फूटपाथला चिकटवून लावली, मला पायरी उंच पडू नये म्हणून, कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पूर्वी मी अशा गोष्टी बघायचीच नाही, दुखण्यात माणूस फक्त खाली बघत चालतो. ती पुरातली दोन पोरं, त्यांच्याशी मी त्यानंतर नीट बोलले नव्हते, लाजेपोटी. आता बोलावून घेतलं दोघांना, जेवायला घातलं. एकाला मुलगी झालीय. तुमच्या हाताखालच्या सिस्टरांनी टेस्टच्या दिवशी रात्री नऊपर्यंत दर तासाला फोन करून 'बाई, आता किती?' विचारलं, त्यांनाही हे वाचून दाखवा. ज्यांनी एक्स-रे उजेडाला धरला त्यांच्याबद्दलही आता राग नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. राग आहे. चार मिनिटांत सुद्धा माणसाशी नीट बोलता येतं.

मागच्या आठवड्यात गहू भिजत घातले होते तीन दिवस. चीक सुनेनं हाटला, सोऱ्या मी घेतला. गच्चीला बावीस पायऱ्या आहेत आमच्या, सकाळी उन्हाच्या आधी एकटी चढले, उतरताना कठडा धरला पण जोर दिला नाही. साडीवर ओळीनं कुरडया घातल्या आणि वाळेपर्यंत कावळे हाकत वरच बसून राहिले, खुर्ची नव्हती, पालथ्या बादलीवर.

त्यातल्या एका डब्यात भरून सिस्टरांकडे ठेवल्यात. तेल चांगलं तापू द्या, नाहीतर फुलत नाहीत. डबा परत करायची घाई नाही.

तुमची,
गावभागातली बाई