वसईला येतोयस, तर दिवस मोकळा ठेव

वसई गाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतोयस हे वाचून फार आनंद झाला. 'किल्ला दोन तासांत उरकेल ना?' असं विचारलंयस. चिमाजीअप्पांच्या पुतळ्याला नमस्कार आणि तटावर चार फोटो एवढंच असेल तर तासाभरातही उरकेल. पण तसं करू नकोस. त्या तटाच्या आत दोनशे वर्षं एक शहर नांदत होतं. आपल्याला शाळेत फक्त त्याचा शेवटचा वेढा शिकवला.

१५३४च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. पुढे वसई त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी झाली. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरताना वाट कशी वळते ते मुलांना दाखव. शत्रूला सरळ धाव घेऊन आतल्या दरवाजावर आदळता येऊ नये म्हणून ती योजना. आत गेलं की झाडोऱ्यातून एकामागून एक चर्चच्या भिंती वर येतात. डॉमिनिकन, जेझुइट, फ्रान्सिस्कन, प्रत्येक पंथाचा आपला मठ आणि आपलं चर्च. सेंट जोसेफच्या मोठ्या चर्चच्या दारावर १६०१ साली ते नव्याने बांधल्याचा शिलालेख आहे.

भिंतींजवळ उभं राहून नीट बघ. जिथे गिलावा निखळलाय तिथे आतला डबर दिसतो, ओबडधोबड दगड चुन्यात बसवलेले. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना, कमानींना आणि दारं-खिडक्यांच्या चौकटींना. म्हणजे खर्च जिथे नजर पडते तिथे केलेला. वसईचा दगड तेव्हा एवढा नावाजलेला होता की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या बांधकामासाठी तो इथून नेला गेला. नावं कोरली गेली आर्चबिशप आणि कप्तानांची, पण घाम इथल्या पाथरवट-गवंड्यांचाही गळला. हे मला प्रत्येक कमानीखाली जाणवतं.

फ्रान्सिस्कन चर्चचं छप्पर केव्हाच गेलं, पण जमिनीवरच्या थडग्यांच्या फरशा अजून आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं. हे फिदाल्गो, म्हणजे उमराव. साष्टी बेटावरची आणि वसईतली गावंच्या गावं त्यांना तोडून दिलेली, आणि त्यांचा डामडौल उभा होता तो इथल्या शेतकऱ्याच्या कष्टावर. देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, तेही दडवायचं कारण नाही. मराठी फौजा आल्या तेव्हा ही गाऱ्हाणी त्यांच्या पाठीशी होती.

चिमाजीअप्पांचा १७३९चा वेढा तुला तोंडपाठ आहे, म्हणून लांबण लावत नाही. सेबॅस्टियन बुरुजाची जागा मात्र दाखवीन. सुरुंगांनी तिथे खिंडार पडलं आणि त्या लढाईत आपली माणसं हजारोंनी कामी आली. एवढं रक्त सांडल्यावरही तह झाला तेव्हा पोर्तुगीजांना आठ दिवसांत आपलं चीजवस्त घेऊन निघून जाऊ दिलं. मला अप्पांचा अभिमान वाटतो तो या संयमासाठीही.

चर्चच्या घंटा मग देवळांत गेल्या. तुमच्या नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ साली ओतलेली, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची १७०७ साली ओतलेली, भीमाशंकरची आणखी एक. म्हणजे हे शहर बघायचं तर घाट चढावे लागतात!

पुढचं झटपट सांगतो. १८०२च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला, व्यापार मुंबईकडे गेला आणि तटाच्या आत रान माजलं.

पण माणसं कुठे गेली? कुठेच नाहीत, आणि तुला हेच दाखवायचा माझा हट्ट आहे. तटाला खेटून किल्लाबंदरचा कोळीवाडा आहे. पश्चिमेकडच्या गावांत वाडवळांच्या आणि कुपारी ख्रिस्ती लोकांच्या वाड्या आहेत, केळी आणि पानवेलीच्या. प्रत्येक वाडीला बावखल, पावसाचं पाणी साठवणारं तळं. बरीच बावखलं आता इमारतींखाली गेली, आणि उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागलं की त्यांची किंमत कळते. कुपारी लोक घरात कादोडी बोलतात. तिचा कान लागला की आपलीच मराठी वेगळ्या हेलात ऐकल्यासारखी वाटते.

याच वसईत पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. व्यापारासाठी जपानला गेला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ साली पोपने त्याला संत ठरवलं. त्याचा सण अजूनही किल्ल्यातल्या उघड्या चर्चमध्ये साजरा होतो, आणि नागेश्वराच्या देवळात, त्याच तटाच्या आत, दिवा लागतो. शिलालेख वाचण्याइतकंच हे नीट बघण्यासारखं आहे.

तेव्हा असं कर. सकाळी लवकर वसई रोडला उतर, मी स्टेशनवर येतो. ऊन चढायच्या आत मोठी चर्चं बघू, दुपारी आमच्याकडे जेवण, आणि चारनंतर बंदराच्या बाजूने तट. मुलांना बूट घालायला सांग, गवतात काटे फार. वहिनींना आवडते म्हणून आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणून ठेवतो.

तुझा,
मिलिंद