नानाने बोलणं टाकलंय

प्रिय शिऱ्या,

उशीर झाला वगैरे रडगाणं गात नाही, तुला पाठ आहे. मी बरा, गुडघा कुरकुरतो.

नानाला अटॅक आला हे कळलंच असेल. दोन स्टेंट टाकले, आता घरी आहे. पण माझ्याशी बोलणं टाकलंय. का, तर २०२१ मध्ये त्याला कोविडची लस घ्यायला मी ओढत नेलं होतं आणि कुणीतरी ग्रुपवर टाकलं की हे सगळे अटॅक लसीमुळेच. झालं! अरे हा माणूस कॉलेजपासूनचं धुरांडं, आपल्या वाटच्या सिगरेटीपण यानेच ओढल्या, शुगर कायम वर, आणि गुन्हेगार कोण तर मी.

त्याचं सोड, वहिनीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. हळूच म्हणाली, "भाऊजी, बाकीच्या लशींना दहा-दहा वर्षं लागतात, ही वर्षात कशी आली?" प्रश्न रास्तच आहे, गालगुंडाची लस चार वर्षांत आली तर तोच विक्रम होता. मग मी सुरू झालो, की अहो शून्यापासून कुठे सुरुवात होती, सार्स-मर्स या कोविडच्या चुलतभावांपासून विषाणूच्या अंगावरच्या काटेरी प्रोटीनवर काम चाललेलंच, कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा एमआरएनएवरचा (पेशीला प्रोटीन बनवायची कृती सांगणारी चिठ्ठीच ती, फायझरची लस त्यावरच) पेपर २००५ चा, विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला, आणि वेळ वाचला तो पैशांची वाट बघण्यात नि फायली पडून राहण्यात जातो तो, चाचण्यांचे टप्पे एकावर एक चढवले, निकालाआधीच माल बनवायला घेतला, लस नापास झाली असती तर सगळा फेकायचा. फायझरच्या चाचणीत चाळीस हजारांवर माणसं होती, कोविड झालेल्या १७० पैकी १६२ जण लसीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलेले. वहिनी मान डोलावत होती आणि नाना आतून टीव्हीचा आवाज वाढवत होता.

साइड इफेक्ट नाहीतच असं मी तेव्हाही म्हणालो नव्हतो (तू साक्षीला आहेस. तू तर लस घेतल्यावर दंडाला चमचा चिकटवलेला फोटो पाठवला होतास, ती गंमत होती की खरंच, आजवर कळलं नाही). अ‍ॅडेनोव्हायरसवाल्या (निरुपद्रवी केलेला विषाणू वाहक म्हणून वापरणाऱ्या) लशींनी क्वचित कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या, प्लेटलेट घसरल्या, काही माणसं गेलीसुद्धा. एमआरएनएवाल्यांनी हृदयाच्या स्नायूला सूज, तीही बहुतेक तरुण पोरांना, दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात. नानाची धमनी चरबीने तुंबली, तीही इतक्या वर्षांनी! उलट कोविड होऊन गेल्यावर अटॅकचा धोका वाढतो, आणि तो त्याला झाला होता हे साहेब सोयीने विसरलेत.

चीड येते ती 'शंभर टक्के सेफ' म्हणून छाती ठोकणाऱ्यांची. विचारणाऱ्याला अडाणी ठरवलं की तो ग्रुपवरच्या डॉक्टरांकडे जाणारच. आपलं तेव्हाचं भांडण यावरूनच ना? तू म्हणालास लोकांना विचारू दे, मी म्हणालो आधी टोचून घे मग विचार. माझं अजून तेच मत आहे, भांडायचं असेल तर ये.

घर बदललंस म्हणे, पत्ता कळव. पोरीचं कॉलेज सुरू झालं का? आईंना नमस्कार.

आता मुद्द्याचं. नानाला फोन कर, तुझं ऐकतो. रक्त पातळ करायची गोळी त्याने मनानेच बंद केलीय, "एकदा औषधावर विश्वास ठेवून बघितला" म्हणतो. अरे स्टेंट टाकल्यावर असं करून चालत नाही, आतच गुठळी होऊ शकते. वहिनी सांगून थकली, डॉक्टरांकडे यायला तयार नाही. लसीचं नाव काढू नकोस, माझं तर मुळीच नको. आणि सिगरेटचा विषय तूच काढ, मी काढला की तो फोन कापतो.

तुझा,
मध्या